नदीम बेकांची सही

बैरुत, शनिवार

प्रिय नुहादताई,

उम्म रामी उद्या सकाळच्या विमानाने मुलाकडे आबिदजानला निघाल्यात. त्यांच्या पिशवीत आईने तुझ्यासाठी किश्कचं पीठ, सुकी अंजिरं आणि झातरचा मसाला दिलाय, आणि झातरच्या पुडक्याला हे पाकीट मी टेपने चिकटवलंय. पाकिटावर तुझं नाव तीनदा लिहावं लागलं. पहिल्यांदा शाई फुटली, दुसऱ्यांदा तुझ्या सासरचं आडनाव राहिलं. उम्म रामींना बजावलंय की हे नुहादच्याच हातात द्यायचं, दाजींच्या नाही, मुलांच्या नाही. त्या म्हणाल्या, "अरे, एवढं काय आहे त्यात? सोनं पाठवतोस की काय?" मी म्हटलं, आईच्या तपासण्यांचे कागद आहेत. खोटं बोललो. आईची तब्येत चांगली आहे, तू घाबरू नकोस.

या आठवड्यात मी तुला दोनदा फोन लावला होता, आठवतं का? दोन्ही वेळा तू उचलल्या उचलल्या म्हणालीस, "वजदी, जेवलास का रे?" मी हो म्हटलं. मग तू आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवलास, धाकटी "मामा, मामा" करत आली, दाजींनी इथल्या हवेची चौकशी केली, आणि मी हवेबद्दल सांगून फोन ठेवला. जे सांगायचं होतं ते टेबलावर ठेवलेल्या फोनमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून पत्र. मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं. खोडता येतं.

माझं इथलं तुला माहीतच आहे. खोली तीच, चौथा मजला. समोरच्या गच्चीवर कबुतरं पाळणारा एक म्हातारा आहे, तो रोज संध्याकाळी काठीला फडकं बांधून कबुतरं उडवतो आणि ती परत येईपर्यंत वर बघत बसतो. आम्ही दोन वर्षं एकमेकांना हात करतो, पण त्याचं नाव मला माहीत नाही. रविवारी ऑफिस बंद असतं. त्या दिवशी सकाळी बेकरीवाल्याला "एक झातरची मनकूशे रोटी" एवढं म्हटलं की कधीकधी सोमवारपर्यंत तोंडातून दुसरा शब्द निघत नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढचं समजावं म्हणून लिहितोय.

मादाम ओदेतकडे मला आता तीन वर्षं होतील. त्या खासदार झाल्या तेव्हा त्यांना एक टायपिस्ट हवा होता, आणि मी कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात वकिलांच्या चुका न विचारता दुरुस्त करायचो म्हणून त्यांनी मला उचललं. सहावीत शाळा सोडलेला मुलगा शब्दकोश घेऊन बसतो याचं त्यांना अजून हसू येतं. "वजदी, देश बुडाला तरी तू स्वल्पविराम शोधत बसशील," म्हणतात. माणूस म्हणून चांगल्या आहेत. रागावतात, सिगारेट ओढतात, कोणत्याच पक्षात नाहीत, त्यामुळे सगळ्याच पक्षांचे लोक त्यांच्याशी हसून बोलतात आणि त्यांचं काम कोणीच करत नाही.

गेल्या शरदात त्यांनी एक विधेयक हातात घेतलं. लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना मोठेपणी तक्रार करायला पुरेशी मुदत मिळावी. त्यांच्या उपचारांचा भार सरकारने उचलावा. आणि आज जे मूल बोलेल त्याला तेच ते पाच ठिकाणी पाच अनोळखी पुरुषांपुढे सांगावं लागू नये, एकदाच सांगावं, एका खोलीत, एका माणसापुढे. मी ते पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा चार चुका केल्या. मादाम म्हणाल्या, "चार? तुझ्याकडून? ताप आलाय का तुला?" मी म्हटलं, वीज सारखी जातेय.

असं विधेयक मांडायला खासदारांच्या सह्या लागतात, आणि दहाच्या वर चालत नाहीत. दहाच नावं, आणि पक्ष किती आहेत ते तुला ठाऊक आहे. मादाम म्हणत होत्या, दहामध्ये सगळ्या बाजूंची माणसं असली तरच हे पुढे सरकेल. एक जरी बाजू राहिली तर ती म्हणेल, हा आमच्याविरुद्धचा कट. म्हणून निळी फाइल घेऊन मी दारोदार. पहिल्या सात सह्या तीन आठवड्यांत झाल्या. मग अडलं. सहीचं पान मी एकाखाली एक दहा ओळींचं केलं होतं, तर प्रत्येकाला पहिली ओळ हवी, नाहीतर शत्रूच्या वरची तरी. मग मी पाच-पाच चौकटींच्या दोन रांगा केल्या, म्हणजे वर-खाली राहणार नाही. दक्षिणेकडचे हाज्ज मुहसिन चष्मा लावून म्हणाले, "छान. आणि वाचायला जिथून सुरुवात होते तो उजवा कोपरा कोणाचा?"

पण खरी अडचण सहीच्या पानाची नव्हती, जोडपत्राची होती. विधेयकाला आम्ही अकरा माणसांच्या हकीकती जोडल्या आहेत. नावं नाहीत, फक्त वय, साल आणि गाव. आधी गावंही नव्हती, तेव्हा खासदार म्हणाले, "गाव नाही म्हणजे घरी बसून लिहिलंय." मग गावं घातली, आणि आपल्याकडे गाव सांगितलं की पंथ सांगितल्यासारखाच. त्यांनी मोजायला सुरुवात केली. मी गावं अकारविल्हे लावली होती, त्यात नेमकी दक्षिणेकडची तीन पहिल्या पानावर आली. हाज्ज मुहसिन म्हणाले, "उघडल्याबरोबर आम्हीच? बाकीच्यांची मुलं काय कापसात गुंडाळून ठेवलीत?" मी घरी जाऊन मुलांच्या वयाप्रमाणे लावली. त्रिपोलीचे डॉक्टर मिस्बाह, ते मुलांचेच डॉक्टर आहेत, त्यांनी बोट ठेवलं. "सर्वांत लहान आमचं. म्हणजे सर्वांत वाईट आम्ही, असंच ना?" मग मी साल धरून लावली. ताई, मी त्या अकरा माणसांना पत्त्यांसारखं पिसत होतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचं, आम्हाला जास्त पानं आली.

शेवटी सगळे एका गोष्टीवर आले. अकरामध्ये डोंगरातलं एकही गाव नव्हतं. आपल्या लोकांचं एकही नाही. हाज्ज मुहसिन म्हणाले, "का? डोंगरावर देवदूत राहतात? डोंगरवाल्यांचं एक येऊ दे, नदीम बेकांची सही येऊ दे, मी लगेच करतो." डॉक्टर मिस्बाहही तेच म्हणाले, फक्त जास्त सभ्यपणे. आणि नदीम बेक, आपल्या डोंगराचे खासदार, मादामना फोनवर म्हणाले, "मादाम, देवाच्या कृपेने आमच्याकडे असलं काही नाही. जिथे आहे तिथल्यांच्या सह्या घ्या." तीन सह्या एकमेकींत अडकल्या. फाइल सचिवालयात येत्या बुधवारी दुपारी एक वाजेपर्यंत द्यायची आहे. नंतर अधिवेशन संपतं, मग निवडणुका, मग कोण कुठे असेल ते देवालाच माहीत. बुधवारी गेली नाही तर गेली.

आता थोडं आपल्या घरचं. फेब्रुवारीत अदीब मास्तर गेले तेव्हा तू मला फोनवर चांगलंच झापलं होतंस. "गावातला कुत्रासुद्धा सांत्वनाला जाऊन आला आणि तू बैरुतहून तासाभराचा रस्ता आला नाहीस? ज्या माणसाने तुला हातात पेन धरायला शिकवलं? लाज नाही वाटत?" मी म्हटलं, काम होतं. तू म्हणालीस, "तुझं कामच त्याच्यामुळे आहे." ते खरं आहे. मी शुद्ध लिहितो ते त्यांच्यामुळेच. ही गोष्ट मी स्वतःशी पुष्कळदा उलटीसुलटी करून पाहिली आहे आणि ती कुठूनही खोटी ठरत नाही.

आणि शाळेचं. मी शाळा सोडली तेव्हा सगळ्यांनी एकच कारण काढलं. तुझं लग्न सप्टेंबरात झालं, तू समुद्रापार गेलीस, आणि जानेवारीपासून मी शाळेत जायला नाही म्हणू लागलो. बाबांनी पट्ट्याने मारलं, काकांनी समजावलं, आई रडली. मी दाराची चौकट धरून ठेवायचो, बोटं सोडवायला दोन माणसं लागायची. शेजारणी म्हणायच्या, "बहिणीचा फार लळा. ती गेली आणि पोरगं बिथरलं." मी मान खाली घालून ऐकायचो आणि नाही म्हणायचो नाही, कारण ते कारण इतकं चांगलं होतं. त्यानंतर कोणी दुसरं विचारलं नाही. तू दर वर्षी यायचीस आणि एकदा तरी म्हणायचीसच, "मी गेले नसते तर तू शिकला असतास." मागच्या उन्हाळ्यात तू ते म्हणालीस तेव्हा मी अंजिरं सोलत होतो आणि सोलतच राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. ते बोललो नाही, ही माझी चूक.

मागच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी मादाम बाहेर होत्या. वीज गेलेली, जनरेटरचा माणूस खाली कोणाशी तरी भांडत होता. लॅपटॉपला एक तास पुरेल एवढी बॅटरी होती. मी जोडपत्र उघडलं, नववं आणि दहावं यांच्यामध्ये जागा केली आणि बारावी हकीकत टाइप केली. मुलगा, दहा वर्षं. डोंगरातलं गाव, ऐन तूत. सव्वीस ओळी. बॅटरी संपायच्या आत झालं. वाचून पाहिलं, एकही चूक नव्हती.

आमच्याकडे नियम आहे: प्रत्येक हकीकतीमागे त्या माणसाची सही केलेली संमती बंद पाकिटात लागते, आणि ती फक्त मादाम पाहतात. मी तो कागदही भरला, पाकिटात घातला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी त्या आल्या, हकीकत वाचली, खूश झाल्या. "डोंगरातलं! कुठून मिळवलंस रे हे सोनं?" मग पाकीट फोडलं. मी माझ्या टेबलाशी कागदांना टाचण्या लावत होतो. मग त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या, आणि ताई, तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः कॉफी केली आणि माझ्यापुढे आणून ठेवली. उतू गेली होती, अर्धा कपच उरली होती. म्हणाल्या, "वजदी, काढून टाकायचं असेल तर आत्ता सांग. सह्या गेल्या खड्ड्यात." मी म्हटलं, "मादाम, आता काढलं तर पुढचे सगळे अनुक्रम बदलावे लागतील." त्या म्हणाल्या, "गाढवा," आणि तोंड फिरवून सिगारेट शोधायला लागल्या. सिगारेट त्यांच्या हातातच होती.

हे एवढं वाचून तुला कळलं असेल. कळलं नसेल तर मी सरळ लिहितो. गुरुवारी अदीब मास्तरांची शिकवणी असायची. तिथे काय झालं ते या पत्रात लिहीत नाही. ते सव्वीस ओळींत लिहून झालंय आणि दुसऱ्यांदा लिहिण्याची माझी तयारी नाही. तुला वाचायचं असेल तर मी पाठवीन, नसेल तर आयुष्यात वाचू नकोस, मला चालेल. फक्त हे माहीत असू दे की ते एकदा झालं नाही, एक आख्खा उन्हाळा आणि पुढची थंडी झालं. आणि शाळेतही तेच मास्तर होते, म्हणून शाळा सोडली.

आता तू काय करत असशील ते मला दिसतं. तू खुर्चीत बसली असशील आणि मोजत असशील, कारण त्या उन्हाळ्यात मला हाताला धरून तिथे नेणारी तू होतीस. बाबा दगडाच्या कामावर, आईची कंबर धरलेली. मास्तर दारातच तुला म्हणायचे, "तू खाली बस, मुली. घरचं माणूस समोर असलं की मुलाचं लक्ष उडतं." तू खाली भिंतीवर बसून क्रोशाचं काम करायचीस, लग्नासाठी रुमाल विणत होतीस. तासाने मी खाली यायचो. तू विचारायचीस, "शुद्धलेखनात किती चुका?" मी म्हणायचो, एकही नाही. तू खूश व्हायचीस आणि आपण उतारावरून घरी यायचो, मी तुझा हात इतका घट्ट धरायचो की तू म्हणायचीस, "अरे, अंगठी रुतते माझी." एकोणीस वर्षांची होतीस तू. मी तुला काही सांगितलं नाही आणि तुला कळण्यासारखं मी काही करत नव्हतो, कारण तुला कळू नये म्हणूनच मी सगळं करत होतो. तू चौदा वर्षं स्वतःला दोष देत आलीस ते चुकीच्या गोष्टीसाठी. तो काढून घेतोय आणि त्याच्या जागी दुसरा देतोय असं होऊ देऊ नकोस. त्या घरात मला सर्वांत चांगलं काय वाटायचं सांगू? खिडकीतून तुझं डोकं दिसायचं. ते दिसत असलं की मला वाटायचं, हे कधीतरी संपणार आहे.

सोमवारी मी हाज्ज मुहसिनकडे गेलो. त्यांनी बारावी हकीकत वाचली, पानावर थाप मारली आणि म्हणाले, "आता कसं! आता पारडं सारखं झालं." माझ्यासमोर बक्लावाची डिश सरकवली. मी एक तुकडा घेतला, कारण न घेणं बरं दिसलं नसतं. सही करताना मात्र त्यांचं पेन थांबलं. "दहा वर्षांचा," म्हणाले. "माझा नातू दहाचा आहे. हा मुलगा आता कुठे असतो? बरा आहे ना?" मी म्हटलं, बरा आहे, नोकरी करतो. "लग्न झालं?" नाही. "देव त्याचं भलं करो," ते म्हणाले आणि उजव्या कोपऱ्याचं विसरून मधल्याच चौकटीत सही केली. मंगळवारी डॉक्टर मिस्बाहनी केली. दोघांनीही सांगून ठेवलंय: नदीम बेकांची आली नाही तर आमच्या मागे घेतो.

गुरुवारी मी डोंगरात गेलो, पण आपल्या घरी गेलो नाही. आईला सांगू नकोस. नदीम बेकांच्या ओसरीवर चार-पाच माणसं बसली होती, 'माते' चहाचा नळीवाला कप हातोहात फिरत होता. त्यांनी सगळ्यांना घालवलं, लिंबाच्या सालीने नळी पुसून कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बस, बाळ. मादामने पाठवलंय ना? तिला सांग, फार हट्टी आहेस." मी फाइल उघडून त्या बाराव्या हकीकतीचं पान पुढे केलं. त्यांनी वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. कप माझ्या हातात गार होत गेला आणि तो परत द्यायचं मला सुचलं नाही. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ऐन तूत. चौदा वर्षांपूर्वी. गुरुवारची शिकवणी. ऐन तूतला शिकवणी घेणारे तिघे. एक बाई, आणि एकजण फक्त गणित शिकवायचा." पान उलटं करून ठेवलं. "फेब्रुवारीत मी त्याच्या शवपेटीपुढे उभा राहून अर्धा तास बोललो रे. त्याच्या मुली समोर बसल्या होत्या." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू कुठला?" ऐन तूतचा. "कोणाचा?" मी म्हटलं, अबू वजदींचा, दगडकाम करायचे ते. "आठवतात. आमच्या कुंपणाची भिंत त्यांनीच बांधली. आणि तू त्यांचा कितवा?" मी म्हटलं, मुलगा मी एकच. बापाला ज्याच्या नावाने अबू वजदी, वजदीचा बाप, अशी हाक मारतात तो, आणि त्या पानावरचा मुलगाही, समोरच बसलाय हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला आणि बाजूला ठेवला, आणि आम्ही दोघं त्या भिंतीकडे बघत बसलो.

नंतर ते जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण मी बसमध्ये बसल्याबरोबर तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. "मी तुला खोटा म्हणत नाही. पण उद्या हे छापून आलं की सगळं गाव माझ्या दारात येणार. म्हणणार, बेक, मेलेल्या माणसाच्या अंगावर चिखल उडवलास, कोणाच्या शब्दावर? डोंगरात एकट्या माणसाचा शब्द चालत नाही, तुला माहीत आहे. शब्द घराचा असतो. तेव्हा मला म्हणता आलं पाहिजे की घरच्या मोठ्या माणसाने मला सांगितलं, हे खरं आहे आणि आमची ना नाही. बाप गेला. आईला माहीत आहे?" नाही. "मग मोठं कोण?" बहीण, आबिदजानला. "तिला माहीत आहे?" नाही. "अरे देवा," ते म्हणाले. "मग आधी बहिणीला सांग, बाळ. इथे कशाला आलास? तिचा फोन आला की मी सही करतो. बुधवारी सकाळी दहापर्यंत मी याच खुर्चीत आहे."

परतीच्या बसमध्ये पहिल्यांदा मला राग आला. आमच्या विधेयकात लिहिलंय ते हेच, की ज्याच्यावर बेतलं त्याचं म्हणणं त्याच्या एकट्याच्या शब्दावर ऐकलं जावं. आणि ते विधेयक मांडायलाच मला जामीन आणावा लागतोय. दामूरपर्यंत मी रागातच होतो. मग समुद्र दिसायला लागला आणि मला वाटलं, चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला म्हणालं की बहिणीला सांग. ते सांगायला मला एक बेक लागला, याची मला लाज वाटली.

म्हणून हे पत्र, ताई. त्यांचा नंबर मी कागदाच्या मागे लिहिलाय, दोनदा तपासलाय. सकाळी आठनंतर ते स्वतः उचलतात. त्यांच्याशी फार बोलायची गरज नाही. तू कोणाची कोण आहेस ते सांग, आणि तुला जे स्वतः माहीत आहे तेवढंच सांग: की मला तू न्यायचीस, गुरुवारी, चार वाजता, आणि तुला वर येऊ देत नसत. बाकीचं माझं आहे. आईला मी सांगेन, बुधवारनंतर, माझ्या तोंडाने; ते तुझ्यावर टाकत नाही. आणि तुला हे जमणार नसेल, दाजींचं, त्यांच्या आईचं, गावाचं काही आडवं येत असेल, तर फोन करू नकोस. मी समजून घेईन, मादामना सांगेन की सातच उरल्या. पण आधी मला फोन करून खरं का असं विचारू नकोस. तेवढं एक मला ऐकवणार नाही. बुधवारी दहा वाजता मी फाइल उघडून त्यांच्यासमोर उभा असेन. चौकट एकच रिकामी आहे. त्यांनी पेन उचललं, की तू माझ्यावर विश्वास ठेवलास हे मला कळेल.

तुझाच धाकटा,
वजदी